खेळ सगळ्यांचा, किल्ली कुणाची?



गेल्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली, खीरदान झाले आणि नेहमीप्रमाणे मंडळी पायरीवर बोलत बसली. वस्तीतला एक मुलगा शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकतो, तो सुट्टीवर आला होता. साहजिकच सगळ्यांचे प्रश्न त्यालाच. कुणी पगाराचे विचारले, कुणी थंडीचे. आमच्या एका आजींना टीव्हीचे भारी वेड. त्यांनी विचारले, "बाळा, तिकडं म्हणे कॉलेजातली पोरं खेळतात ते टीव्हीवर दाखवतात?"

"हो आजी. लाखो माणसं बघतात."

"मग तूबी बघत आसशील की."

पोरगा हसला. "नाही आजी. माझ्या खोलीपासून मैदान दहा मिनिटांवर आहे. आरोळ्या खिडकीतून ऐकू येतात. पण तिकीट परवडत नाही. आणि ज्या वाहिनीवर सामना असतो ती वाहिनी आमच्या केबलवर नाही. केबल कंपनीचं आणि वाहिनीचं पैशावरून भांडण चालू आहे."

आजी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी गावजेवण गावातच, आन् गावातलीच मानसं दाराभाईर!"

सगळे हसले. पण ज्या पिढीने गावजेवणात आपली पंगत वेगळी बसलेली पाहिली, त्या पिढीच्या तोंडचे हे वाक्य आहे. ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून या वेळचा लेख त्याच विषयावर.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने आणि त्यांची केबल, याच्याशी आपल्याला काय करायचे? वाचकहो, करायचे आहे. केबलचे बिल आपल्याही घरात दर महिन्याला येते, आपली मुलेही कॉलेजात जातात, मैदानावर खेळतात. आणि ही गोष्ट जिथून सुरू होते ते ठिकाण तर आपल्या ओळखीचेच आहे.

पहिला सामना कोलंबियाचा

बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तिथे शिकले, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. त्याच कोलंबिया विद्यापीठाच्या मैदानावर १७ मे १९३९ रोजी कोलंबिया आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा बेसबॉलचा सामना झाला. अमेरिकेत टीव्हीवर दाखवलेला तो पहिला सामना. एकच कॅमेरा होता. टीव्हीचे संच शहरात अगदी मोजके. प्रिन्स्टनने सामना २-१ असा जिंकला.

म्हणजे अमेरिकेत टीव्हीवर खेळ दिसू लागला तो विद्यार्थ्यांच्या खेळापासून, पगारी खेळाडूंच्या खेळापासून नव्हे. त्या सामन्यासाठी कुणाला वर्गणी द्यावी लागली नाही. ज्याच्याकडे संच, त्याच्याकडे सामना.

तिकडे कॉलेजच्या खेळाला एवढे महत्त्व का, हेही सांगायला हवे. अमेरिकेतली बरीच मोठी विद्यापीठे राज्य सरकारची आहेत, जनतेच्या करातून उभी राहिलेली. पुष्कळ विद्यापीठे लहान गावांत आहेत, तिथे दुसरा मोठा संघच नसतो. गावाचा, जिल्ह्याचा, सगळ्या राज्याचा अभिमान म्हणजे विद्यापीठाचा संघ. खेळ मुख्यतः दोन, बास्केटबॉल आणि त्यांचा फुटबॉल. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, एकमेकांना धडका देत खेळायचा. शरद ऋतूतल्या प्रत्येक शनिवारी हे सामने होतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. आपल्याकडे जत्रेला जसे माहेरवाशिणी आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेले परत येतात, तसे तिकडे सामन्याला जुने विद्यार्थी येतात.

वाळीत टाकलेले विद्यापीठ

टीव्ही घरोघर पोहोचू लागला तशी विद्यापीठांच्या कारभाऱ्यांना धास्ती वाटली. माणसे घरी बसून सामना बघू लागली तर तिकीट कोण काढणार? या विद्यापीठांची एक राष्ट्रीय संघटना आहे, नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन. तिने १९५१ साली ठरवले की फुटबॉलचे मोजकेच सामने टीव्हीवर दाखवायचे आणि कोणते ते संघटना ठरवणार.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला हे मान्य नव्हते. १९४० पासून ते आपल्या मैदानावरचे सर्व सामने टीव्हीवर दाखवत आले होते. त्याने सांगितले, आम्ही दाखवणार. मग काय झाले? संघटनेने त्याला शिस्तभंगाचा शिक्का मारला आणि त्या वर्षी ज्यांचे सामने ठरले होते त्यांपैकी चार विद्यापीठांनी त्याच्याशी खेळायला नकार दिला. आपल्या भाषेत सांगायचे तर वाळीत टाकले. बिचारे विद्यापीठ मुकाट्याने रांगेत आले. बहिष्काराचे हत्यार कुठेही चालते आणि कसे चालते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे तीस वर्षे हीच पद्धत चालली. १९८० च्या दशकाच्या आरंभी नियम असा होता की कोणत्याही संघाने दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर यायचे नाही. त्यात देशभर दिसणारे सामने चारच. पण या पद्धतीची एक दुसरी बाजूही होती, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९८१ साली एका शनिवारी ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया या दोन बलाढ्य संघांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच आठवड्यात सिटाडेल आणि अ‍ॅपलेशियन स्टेट या दोन छोट्या संघांचा सामना फक्त चार केंद्रांवरून दिसला. चारही संघांना पैसे मात्र सारखेच मिळाले! लहानाला मोठ्याच्या पंगतीला बसवून सारखेच वाढण्याचा तो प्रकार होता.

मोठ्यांना हे सोसेना. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठे कोर्टात गेली. २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की संघटनेची ही पद्धत म्हणजे बेकायदा मक्तेदारी आहे. सामने कृत्रिमपणे कमी दाखवले जातात आणि प्रेक्षकाच्या आवडीला त्यात स्थान नाही. विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. ते स्वतः तरुणपणी कॉलेजचे गाजलेले फुटबॉलपटू. त्यांचे म्हणणे असे की विद्यार्थ्यांच्या खेळाला निव्वळ बाजाराच्या काट्यावर तोलू नये.

निकाल बरोबर की चूक, हे कायदेपंडितांवर सोडू. झाले ते असे की एक कुलूप निघाले आणि त्या जागी दहा कुलपे लागली.

न बघणाऱ्याचेही पैसे

त्याच सुमारास केबल आणि उपग्रह यांचे राज्य सुरू झाले होते. ईएसपीएन ही चोवीस तास खेळ दाखवणारी वाहिनी ७ सप्टेंबर १९७९ रोजी सुरू झाली. वाहिनी आपला कार्यक्रम उपग्रहाकडे पाठवते, उपग्रह तो सगळ्या देशावर खाली सोडतो, गावोगावचा केबलवाला मोठ्या छत्रीने तो पकडतो आणि तारेने घरोघर पोहोचवतो. दिवसाचे चोवीस तास भरायचे म्हणजे सामने पाहिजेत. कॉलेजांकडे सामने भरपूर होते. १९८४ च्या निकालानंतर ते विकायलाही मोकळे झाले. सामन्यांचा पूर आला. पूर्वी दोन वर्षांत सहा वेळा दिसणारा संघ आता दर शनिवारी दिसू लागला. प्रेक्षकाचा हा फायदा नाकारता येणार नाही.

पण पैसा कसा येतो ते पाहा. वाहिनी केबल कंपनीकडून दर घरामागे दर महिन्याला रक्कम घेते. केबल कंपनी ती आपल्या बिलात घालते. बिल सगळ्यांना सारखे. ज्या घरातल्या आजीने आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही, तीही पैसे भरते. ईएसपीएनचा एकटीचा वाटा अलीकडच्या वर्षांत घरामागे महिन्याला नऊ डॉलरच्या आसपास होता. २०११ च्या सुमारास ही वाहिनी दहा कोटी घरांत होती. तेव्हा दर कमी होता, पण घरे जास्त होती. तरी महिन्याला किती रक्कम होत असेल याचा हिशेब मुलांना करायला सांगा, गणिताचा अभ्यास होईल.

हा पैसा पाहून विद्यापीठांचे गट स्वतःच वाहिन्या काढू लागले. तिकडे शेजारशेजारच्या राज्यांतली विद्यापीठे एकत्र येऊन आपसांत स्पर्धा खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. बिग टेन या मध्य-पश्चिमेतल्या गटाने ३० ऑगस्ट २००७ रोजी आपली वाहिनी सुरू केली. वाहिनीचे म्हणणे होते, आमच्या आठ राज्यांत आम्हाला मूळ संचात घाला, म्हणजे प्रत्येक घराकडून पैसे येतील. कॉमकास्ट ही मोठी केबल कंपनी म्हणाली, ज्याला बघायचे त्याने जादा पैसे भरावेत. दोघे अडून बसले.

आणि दोनच दिवसांनी, १ सप्टेंबर २००७ रोजी, काय घडावे? मिशिगनच्या त्या लाखाच्या मैदानावर बलाढ्य मिशिगन संघाला एका छोट्या कॉलेजने ३४-३२ असे हरवले. कॉलेजच्या फुटबॉलच्या इतिहासात असे क्वचितच घडते. तो छोटा संघ कोणता होता ठाऊक आहे? तोच अ‍ॅपलेशियन स्टेट, ज्याचा सामना १९८१ साली चार केंद्रांवरून दिसला होता. हा सामना त्या नव्या वाहिनीवर होता. खुद्द मिशिगन राज्यातल्या कितीतरी घरांत तो दिसलाच नाही. विद्यापीठ त्यांचे, मैदान त्यांचे, कर त्यांनी भरलेला, आणि सामना मात्र कुलपाआड. भांडण मिटायला २००८ चा जून उजाडला.

त्यानंतर असे प्रसंग वारंवार आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या पॅक-ट्वेल्व्ह गटाने २०१२ साली वाहिनी काढली. डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेवर ती शेवटपर्यंत आली नाही. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी रात्री फ्लोरिडा आणि युटा या विद्यापीठांचा सामना चालू असतानाच डिस्ने कंपनीच्या वाहिन्या चार्टर या केबल कंपनीच्या जवळजवळ दीड कोटी घरांतून गायब झाल्या. अकरा-बारा दिवस ते चालले. सप्टेंबर २०२४ मध्ये डायरेक्टटीव्हीवर तेच. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर इंटरनेटवरच्या यूट्यूब टीव्ही या सेवेवर तेच, सुमारे दोन आठवडे. पाहा, भांडणे नेहमी फुटबॉलच्या हंगामातच पेटतात. कारण तेव्हा प्रेक्षक तळमळतो. गिऱ्हाईक तळमळले की दुकानदाराचे फावते.

केबल महाग झाली म्हणून लोकांनी ती सोडली आणि इंटरनेटकडे गेले. पण काही सामने फक्त इंटरनेटवरच्या वेगळ्या वर्गणीच्या सेवेवर दिसू लागले. आणि यूट्यूब टीव्हीची वर्गणी २०२५ साली महिन्याला सुमारे ८३ डॉलर झाली. आमचा विद्यार्थी म्हणाला ते खोटे नव्हे. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्याने पोट भरायचे की वाहिनी?

केबलमुळे उघडलेले एक दार

तरी केबलला नुसत्या शिव्या घालून चालणार नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली शंभराच्या आसपास कॉलेजे आहेत. गोऱ्यांच्या विद्यापीठांत प्रवेश नव्हता त्या काळात कृष्णवर्णीय मुले तिथे शिकली आणि खेळली. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग कॉलेजचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत एकाच कॉलेजात राहून ४०८ विजय मिळवले. एवढा मोठा माणूस, एवढे मोठे खेळाडू, पण राष्ट्रीय टीव्हीवर त्यांच्या कॉलेजांना जागा क्वचितच.

२५ जानेवारी १९८० रोजी रॉबर्ट जॉन्सन या कृष्णवर्णीय गृहस्थांनी ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन ही केबल वाहिनी सुरू केली. तिने कृष्णवर्णीय कॉलेजांचे फुटबॉल सामने दाखवायला सुरुवात केली. आपल्या कॉलेजाचा संघ, आपल्या कॉलेजाचा वाद्यवृंद, आपल्या माणसाचे समालोचन, हे घरबसल्या दिसणे केवढी मोठी गोष्ट होती! पुढे ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या दोन कृष्णवर्णीय विद्यापीठांचा वार्षिक सामना १९९१ पासून एनबीसी या मोठ्या वाहिनीने देशभर दाखवायला घेतला. आधी आपल्या माणसांनी आपले दार केले, मग मोठ्यांनी त्यांचे उघडले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाबासाहेबांनी 'मूकनायक' १९२० साली काढला तो याच जाणिवेने. दुसऱ्याच्या पत्रात आपली बाजू छापून येत नव्हती, तेव्हा त्यांनी आपले पत्र काढले.

ज्याचा घाम त्याला काय?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. २०२२ साली बिग टेन गटाने सात वर्षांच्या प्रक्षेपणासाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर म्हणजे राज्य विद्यापीठाचा प्रशिक्षक. आणि खेळणारी मुले? त्यांना शिक्षणाची फी, राहणे, जेवण. पगार घेतला तर संघाबाहेर. कारण ते 'हौशी'! मोठ्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. पैसे मोजणारे हात वेगळे आणि धडका खाणारी अंगे वेगळी, हे चित्र आपल्याला अपरिचित नाही.

एड ओबॅनन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९९५ साली कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्यांत होता. पुढे तो मोटारी विकण्याची नोकरी करू लागला. एके दिवशी मित्राच्या घरी त्या मित्राचा मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता, त्यात ओबॅननला स्वतःलाच पाहायला मिळाले. तोच चेहरामोहरा, तोच क्रमांक. कुणीतरी त्याच्या रूपावर पैसे कमावत होते आणि त्याला एक छदामही नव्हता. २००९ साली तो कोर्टात गेला, २०१४ साली निकाल बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने लागला. एका माणसाने विचारलेल्या प्रश्नाने भिंतीला तडा गेला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात एकमताने संघटनेविरुद्ध निकाल दिला. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीनुसार १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना स्वतः पैसे देऊ लागली. एका विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत.

पण सगळे सुरळीत झाले असे समजू नका. टीव्हीच्या पैशासाठी विद्यापीठांनी गट बदलले. पॅक-ट्वेल्व्हमधल्या बारांपैकी दहा विद्यापीठांनी गट सोडला आणि त्यांची वाहिनी २०२४ च्या जूनअखेर बंद पडली. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या लॉस एंजेलिसचे विद्यार्थी आता सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीत सामने खेळायला जातात. व्हॉलीबॉलच्या मुलीसुद्धा. तास बुडतात, झोप बुडते. शिकायला आलेल्या मुलांचे शिक्षण टीव्हीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. शिक्षण हेच ज्यांनी आयुष्याचे शस्त्र मानले, त्या आपल्यासारख्यांना हे खटकल्याशिवाय राहणार नाही.

मुलींचा सामना

भगिनींसाठी एक आनंदाची गोष्ट. ७ एप्रिल २०२४ रोजी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला, साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा. तो अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी मुलांचा अंतिम सामना झाला, त्याचा प्रेक्षक दीड कोटीच्या आत राहिला. मुलींनी मुलांना मागे टाकले, हे पहिल्यांदाच घडले. आयोवाच्या केटलिन क्लार्क या खेळाडूची लोकप्रियता हे त्याचे मोठे कारण. जिंकला मात्र साउथ कॅरोलायनाचा संघ, आणि त्याच्या प्रशिक्षक डॉन स्टॅली या फिलाडेल्फियाच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेल्या.

आणखी एक बारीक गोष्ट पाहा. मुलींचा सामना एबीसी या वाहिनीवर होता. ती साध्या अँटेनावर विनावर्गणी दिसते. मुलांचा सामना केबलवर होता. दार मोकळे ठेवले की माणसे किती येतात! पोरींचा खेळ कोण बघतो, असे म्हणणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे व्हावे. दाखवाल तर लोक बघतील.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे १९९१ नंतर केबल आली. गच्च्यांवरून तारा गेल्या, कोपऱ्यावर छत्री लागली, महिन्याला केबलवाला दारात उभा राहू लागला. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या हिरो कप स्पर्धेवरून दूरदर्शन आणि संघटनेत वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. न्यायालयाने सांगितले, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. पुढे २००७ साली कायदा झाला की राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने खासगी वाहिनीने प्रसार भारतीलाही दिले पाहिजेत, म्हणजे ते दूरदर्शनवर विनाशुल्क दिसतील. मात्र २०१७ साली न्यायालयाने स्पष्ट केले की ही सवलत दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतीच आहे. खासगी केबलवरून ते सामने फुकट दाखवता येणार नाहीत. ज्या घराला केबलचे बिल जड जाते त्यांनी डीडी फ्री डिशची छत्री एकदाच पैसे भरून लावावी. तिला मासिक वर्गणी नाही.

सार्वजनिक या शब्दाचा अर्थ आपण महाडला शिकलो. तळे कागदावर सर्वांना खुले झाले होते, नगरपालिकेचा ठरावही होता. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत तो ठराव कागदच होता. तो माणुसकीचा लढा होता. टीव्हीच्या सामन्याशी त्याची तुलना करून मी त्याला लहान करणार नाही. फक्त एवढेच म्हणतो की एखादी वस्तू सार्वजनिक आहे असे कुणी सांगितले की आपण तीन प्रश्न विचारायची सवय ठेवावी. ती कुणाच्या पैशातून उभी राहिली? तिच्यासाठी घाम कुणी गाळला? आणि दाराबाहेर कोण राहिले?

आता शेवटचे, आपल्या घरचे. आपल्या वस्तीतल्या मुली आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, खो-खो खेळतात. बाप पाळीवर, आई कामावर, म्हणून आपल्या लेकीचा एकही सामना न पाहिलेले कितीतरी आईबाप मला ठाऊक आहेत. ते सामने कुठलीही वाहिनी दाखवणार नाही. पण आज घरटी एक मोबाईल आहे. एका मुलाने सामना टिपावा, रविवारी वंदनेनंतर विहारात पांढरी चादर बांधून सगळ्या वस्तीला दाखवावा. समालोचनही आपल्याच पोरांनी करावे. वर्गणी नाही, किल्ली नाही, दाराबाहेर कुणी नाही.

त्या संध्याकाळी उठता उठता आजींनी विद्यार्थ्याला विचारले, "मग तुला सामन्याचं कळतं कसं रं?"

तो म्हणाला, "कॉलेजातल्याच पोरांचा रेडिओ आहे, आजी. ते समालोचन करतात. फुकट ऐकायला मिळतं."

"बरं हाय की मग," आजी म्हणाल्या. "पोरांनीच पोरांची सोय केली."

पुढच्या रविवारी आमच्या विहारात चादर बांधायचे ठरले आहे. पहिला सामना आजींच्याच नातीचा आहे.

जयभीम!